अणूच्या अंतरंगाचे मोजमाप

(मठाच्या वर्धापन-महोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

 

या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा त्याबरोबर एक सूचनाही आली होती. आधुनिक पदार्थविज्ञानाने आपल्या ऋषींचे सिद्धान्त कसे खरे ठरविले, यावर मी दोन शब्द सांगावेत, अशी ती सूचना. ती प्रेमाची होती, आणि ती मोडताना मला संकोच झाला. परंतु मोडली आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. ब्रह्मविद्येला प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची गरज नाही, आणि प्रयोगशाळेतील आकड्याला श्रुतीचा आधार जोडल्याने तो आकडा अधिक अचूक होत नाही. तेव्हा आज मी आपणांस केवळ एका आकड्याची हकीकत सांगणार आहे. तो आकडा म्हणजे प्रोटॉनची त्रिज्या. सगळ्या जगाने मान्य केलेला हा आकडा सुमारे चार टक्क्यांनी चुकलेला असावा असा संशय २०१० साली उत्पन्न झाला, आणि त्या संशयाचा निकाल लावण्यासाठी काही माणसांनी आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे खर्ची घातली. चार टक्के म्हणजे बाजारात तोळामासा इकडेतिकडे. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो तसाच मनात राहू द्यावा.

सृष्टीतील सर्वांत साधा अणू हायड्रोजनचा. मध्यभागी एक प्रोटॉन आणि त्याच्याभोवती एक इलेक्ट्रॉन, एवढाच त्याचा संसार. प्रोटॉन मोहरीच्या दाण्याएवढा आहे, अशी कल्पना करा. तो दाणा आपण या सभामंडपाच्या मध्यभागी ठेवला, तर इलेक्ट्रॉनचा वावर त्याच्यापासून साठ-पासष्ट मीटर अंतरापर्यंत, म्हणजे मंडप ओलांडून पार बाहेरच्या प्राकारापर्यंत पोहोचेल. मधली सगळी जागा मोकळी. आता प्रश्न असा, की प्राकारापाशी फिरणाऱ्याच्या चालीवरून मंडपातील मोहरीच्या दाण्याचे आकारमान सांगता येईल काय? ऐकताना हा प्रश्न वेडगळ वाटतो. पण उत्तर 'येईल' असे आहे, आणि ते कसे येते यातच आजच्या विषयाचे मर्म आहे.

इलेक्ट्रॉनला अणूत वाटेल त्या ऊर्जेने राहता येत नाही. त्याच्यासाठी ठरावीक पायऱ्या आहेत. १९२८ साली पॉल डिरॅक यांनी इलेक्ट्रॉनचे जे समीकरण मांडले, त्यातून या पायऱ्यांची उंची काढता येते. त्या गणिताप्रमाणे हायड्रोजनच्या दुसऱ्या मजल्यावरील दोन अवस्था अगदी एकाच उंचीवर यावयास हव्यात. शास्त्रज्ञ त्यांना २एस आणि २पी म्हणतात. नावे लक्षात ठेवावयाची असतील तर एवढेच ध्यानी घ्यावे, की एस अवस्थेतील इलेक्ट्रॉन अधूनमधून थेट प्रोटॉनच्या पोटातून जातो. पी अवस्थेतील बहुधा त्याच्या वाटेला जात नाही.

या दोन पायऱ्या खरोखरच समान उंचीच्या आहेत काय, ही शंका दुसऱ्या महायुद्धापूर्वीच काही वर्णपटशास्त्रज्ञांना आली होती. हायड्रोजनच्या तांबड्या रेषेत त्यांना किंचित विसंगती दिसे. १९३८ साली सायमन पास्टर्नॅक यांनी तर २एस ही अवस्था जराशी वर सरकलेली असावी, असे लिहूनही ठेवले. परंतु उष्णतेने इतस्ततः धावणाऱ्या अणूंमुळे ती प्रकाशरेषा इतकी पसरट होते, की तिच्या पोटातील बारकावे कोणी छातीठोकपणे सांगू शकेना. डिरॅकचे समीकरण सुंदर होते, आणि सुंदर गोष्टीविरुद्ध अंधुक साक्ष टिकत नाही. विषय तेथेच थांबला.

युद्धाने मात्र एक साधन हाती दिले. रडारसाठी काही सेंटीमीटर लांबीच्या रेडिओ-लहरी निर्माण करण्याची विद्या परिपक्व झाली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील विलिस लॅम्ब हे मूळचे सैद्धान्तिक पदार्थवैज्ञानिक, कागद-पेन्सिलीचे मानकरी. पण त्यांच्या ध्यानात आले, की दोन पायऱ्यांतील फरक प्रकाशाने मोजण्याऐवजी रेडिओ-लहरींनी सरळ मोजता येईल. त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट रेदरफोर्ड (हे अणुकेंद्रकाचा शोध लावणारे सुप्रसिद्ध रुदरफोर्ड नव्हेत) यांच्या साहाय्याने त्यांनी यंत्र उभारले. टंगस्टनच्या तप्त भट्टीत हायड्रोजनचे रेणू फोडून त्यांतील अणूंचा झोत काढावयाचा, त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करावयाचा आणि दहा कोटींत सुमारे एक अणू २एस अवस्थेत जाईल त्यावर समाधान मानावयाचे. ही अवस्था मोठी चिवट. एकटी सोडली तर सेकंदाच्या सुमारे आठव्या भागापर्यंत टिकते, आणि अणूंच्या जगात हे दीर्घायुष्यच होय. असा अणू धातूच्या पत्र्यावर आदळला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. वाटेत योग्य कंपनसंख्येची रेडिओ-लहर भेटली तर तो २पी अवस्थेत ढकलला जातो आणि तत्क्षणी प्रकाश फेकून निर्जोर होतो. मग पत्र्यावरील विद्युत्प्रवाह घटतो. प्रवाह कोणत्या कंपनसंख्येला घटतो, एवढेच पाहावयाचे.

एप्रिल १९४७ मध्ये प्रवाह घटला. दोन्ही पायऱ्या एका उंचीवर नव्हत्या. त्यांच्यात सेकंदाला सुमारे एक हजार दशलक्ष कंपनांचा, म्हणजे हजार मेगाहर्ट्झचा फरक होता. या फरकाला आज 'लॅम्ब-विचलन' म्हणतात. त्यासाठी १९५५ सालच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा लॅम्ब यांना मिळाला. उरलेला अर्धा, इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचे सूक्ष्म मापन करणाऱ्या पॉलिकार्प कुश यांना. रेदरफोर्ड यांचे नाव प्रयोगाच्या नावात राहिले, पारितोषिकात नाही. विज्ञानाच्या इतिहासात असे अनेकदा घडते आणि मला ते प्रत्येक वेळी खुपते.

त्याच वर्षी जूनच्या आरंभी न्यूयॉर्कजवळील शेल्टर बेटावर थोड्या निवडक शास्त्रज्ञांची परिषद भरली आणि तेथे या मापनावर खल झाला. परिषद आटोपल्यावर हान्स बेथे न्यूयॉर्कहून स्केनेक्टडीला आगगाडीने निघाले, आणि त्या प्रवासातच त्यांनी या विचलनाचे पहिले गणित केले. उत्तर आले १०४० मेगाहर्ट्झ. कारण असे, की निर्वात अवकाशातही विद्युच्चुंबकीय क्षेत्र पूर्णपणे स्तब्ध नसते. त्याची सूक्ष्म थरथर चालूच असते, आणि त्या थरथरीने इलेक्ट्रॉन किंचित हिंदकळतो. एस अवस्थेतील इलेक्ट्रॉनला प्रोटॉनचे आकर्षण त्यामुळे जरासे कमी जाणवते आणि त्याची पायरी वर सरकते. पुढे टोमोनागा, श्विंगर आणि फाइनमन यांनी या विचाराला पूर्ण शास्त्राचे रूप दिले. १९६५ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले.

येथे माझ्यापुढे मोह उभा राहतो. 'शून्य हे शून्य नव्हे, ते परिपूर्ण आहे,' असे वाक्य जिभेवर येते आणि सभेत टाळ्याही पडतील. परंतु बेथेंच्या निर्वातातून १०४० हा आकडा निघतो. आपल्या पूर्णत्वाच्या कल्पनेतून तो निघत नाही, आणि ती कल्पना मांडणाऱ्यांना तो काढावयाचाही नव्हता. दोन थोर गोष्टी शब्दसाम्याने एका दाव्याला बांधल्या तर दोघींचेही हाल होतात. असो.

आता मोहरीच्या दाण्याकडे वळू. लॅम्ब-विचलन सुमारे १०५७.८ मेगाहर्ट्झ आहे. त्यातील बहुतेक सगळे निर्वातातील थरथर आणि तत्सम कारणांनी होते. पण एस अवस्थेतील इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या पोटातून जातो असे मी मघाशी म्हटले. पोटात शिरल्यावर सभोवतीचा विद्युद्भार चहूंकडून ओढू लागतो आणि मध्याकडील ओढ सैल पडते. प्रोटॉन जितका मोठा, तितकी ही सैलावण अधिक, आणि पायरी तितकी वर. या कारणाने होणारी वाढ अवघी ०.१४ मेगाहर्ट्झ, म्हणजे १४० किलोहर्ट्झच्या आसपास. म्हणजे लॅम्ब-विचलन पुरेशा बारकाईने मोजले आणि इतर सर्व कारणांचे गणित पक्के असले, तर उरलेल्या शेषातून प्रोटॉनचे आकारमान काढता येते. प्राकारावरून मोहरी मोजावयाची ती अशी.

सांगणे सोपे, करणे अतिशय कठीण. अडचण २पी अवस्थेच्या अल्पायुष्याची आहे. ही अवस्था सरासरी १.६ नॅनोसेकंद जगते. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. मठातील मोठी घंटा वाजविली की तिचा नाद दीर्घकाळ घुमतो आणि चांगला कान तिचा स्वर नेमका सांगतो. उलट लाकडी फळीवर टिचकी मारली तर आवाज येतो न येतो तोच विरतो. त्याचा स्वर कोणता, हे सांगताना तानसेनही अडखळेल. २पी ही ती फळी आहे. तिच्या आयुष्यात हजार मेगाहर्ट्झची लहर जेमतेम पावणेदोन आंदोलने पुरी करते. परिणामी मोजावयाची रेषा १०० मेगाहर्ट्झ इतकी रुंद होते. त्या रुंद टेकाडाचा मध्य आपल्याला काही थोड्या किलोहर्ट्झपर्यंत सांगावयाचा आहे. एक किलोमीटर रुंदीच्या गोल माथ्याच्या टेकडीचा मध्यबिंदू तीन सेंटीमीटरपर्यंत दाखवा, असे कोणी म्हणावे, त्यातला हा प्रकार.

यावर दोन युक्त्या एकत्र आल्या. पहिली नॉर्मन रॅम्झे यांची, १९४९ ची. अणूला एकाच लांब रेडिओ-क्षेत्रातून नेण्याऐवजी दोन छोट्या क्षेत्रांतून न्यावे आणि मध्ये अंतर ठेवावे. पहिले क्षेत्र अणूला गती देते, दुसरे त्या गतीशी आपला मेळ बसतो की नाही हे पाहते. मधला काळ जितका अधिक, तितकी चुकीची कंपनसंख्या उघडी पडते. या कल्पनेसाठी रॅम्झे यांना १९८९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. दुसरी युक्ती वेगवान झोताची. प्रोटॉनांना विद्युद्दाबाने वेग देऊन विरळ वायूतून नेले की काही प्रोटॉन वाटेत इलेक्ट्रॉन उचलतात आणि हायड्रोजन अणू बनून त्याच वेगाने पुढे जातात. त्यांतील काही २एस अवस्थेतच असतात. पंचावन्न हजार व्होल्टांचा दाब दिला तर त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३२०० किलोमीटर होतो. मग एका नॅनोसेकंदात अणू तीन मिलिमीटरहून थोडे अधिक अंतर चालतो. काळाचे रूपांतर लांबीत होते, आणि मिलिमीटर आपल्याला मोजता येतात. दोन क्षेत्रे काही सेंटीमीटर अंतरावर ठेवली की बहुतेक २पी अणू मधल्या मधेच मरून जातात. पण जे थोडे सरासरीहून अधिक जगतात तेवढेच साक्ष देतात, आणि त्यांची रेषा अरुंद असते. साक्षीदार कमी, पण साक्ष अधिक स्पष्ट. हार्वर्ड विद्यापीठात लंडीन आणि पिपकिन यांनी या पद्धतीने १९८१ साली लॅम्ब-विचलन १०५७.८४५ मेगाहर्ट्झ असे मोजले. अनिश्चितता नऊ किलोहर्ट्झ. ते काम अनेक वर्षे मानदंड राहिले.

आणि मग २०१० साल उजाडले. स्वित्झर्लंडमधील पाउल शेरर संस्थेत एका गटाने हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉन काढून त्या जागी म्यूऑन बसविला. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचाच थोरला भाऊ, पण २०७ पट जड. म्हणून तो प्रोटॉनच्या सुमारे दोनशेपट जवळून फिरतो आणि त्याला प्रोटॉनचा आकार लक्षावधी पटींनी अधिक जाणवतो. त्याचे स्वतःचे आयुष्य एका सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाच्या दुप्पट-सव्वादुप्पट. तेवढ्यात लेसरने काम उरकावे लागते. त्यांनी काढलेली त्रिज्या ०.८४१८ फेमटोमीटर. (एक मिलिमीटरचे दहा अब्ज भाग केले आणि त्यांतील एकाचे पुन्हा शंभर भाग केले, म्हणजे एक फेमटोमीटर.) तोवर साध्या हायड्रोजनवरून आणि इलेक्ट्रॉन-विकिरणाच्या प्रयोगांवरून मान्य झालेला आकडा होता ०.८७७. फरक चार टक्क्यांचा, आणि दोन्ही बाजूंनी सांगितलेल्या अनिश्चिततेच्या कितीतरी बाहेर.

या चार टक्क्यांचे महत्त्व असे. इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन वजन सोडल्यास सर्वार्थाने सारखे, असे शास्त्र सांगते. प्रोटॉन दोघांना वेगवेगळा दिसत असेल, तर म्यूऑनवर चालणारे एखादे अज्ञात बल सृष्टीत असले पाहिजे. तसे नसेल, तर दशकानुदशके काळजीपूर्वक केलेल्या अनेक मापनांत कोठेतरी चूक आहे. पहिला पर्याय कीर्ती देणारा, दुसरा कोणालाच न आवडणारा. अनेक तरुण सैद्धान्तिकांनी नव्या बलाची गणिते मांडली. निवाड्यासाठी काय हवे होते? साध्या हायड्रोजनचेच लॅम्ब-विचलन, अधिक अचूक. दोन त्रिज्यांमुळे त्यात पडणारा फरक फक्त बारा किलोहर्ट्झ. लंडीन-पिपकिन यांची अनिश्चितता नऊ. त्यांच्या आकड्यावरून निकाल लागणे शक्य नव्हते.

कॅनडातील टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात एरिक हेसेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम अंगावर घेतले. त्यांना सुमारे आठ वर्षे लागली. त्यांनी जुन्या पद्धतीत एक सुधारणा केली. ती आपल्याला तंबोऱ्यावरून चटकन कळेल. जोडीच्या दोन तारा अगदी एकस्वर लागल्या की नाद सलग येतो. एक तार केसभर उतरली, की नादात एक मंद हेलकावा सुरू होतो, आणि तो हेलकावा ऐकूनच वादक खुंटी पिळतो. हेसेल्स यांनी आपल्या दोन रेडिओ-क्षेत्रांच्या कंपनसंख्या मुद्दाम अत्यल्प वेगळ्या ठेवल्या. मग अणूंकडून येणाऱ्या संकेतातही हेलकावा येतो. त्या हेलकाव्याचा चढउतार दोन क्षेत्रांच्या आपसातील हेलकाव्याशी ताडून पाहिला, की लहर अणूच्या स्वराशी जुळली आहे की वर-खाली आहे, हे कळते. जेथे दोन्ही हेलकावे बरोबर एकदम चढतात आणि उतरतात, तेथे स्वर लागला. टेकाडाची उंची, झोताचा जोर, संकेताचा मोठेपणा, यांत चुका असल्या तरी हेलकाव्याच्या वेळेवर त्यांचा परिणाम जवळजवळ होत नाही.

परंतु तारांच्या लांबीत किंवा जोडणीत फरक असला, तर दोन क्षेत्रांच्या आपसातील मेळाबद्दल यंत्रच खोटे सांगेल. यावर त्यांनी केलेला उपाय मला सर्वांत अधिक आवडतो. रेडिओ-क्षेत्रांची सगळी जोडणी त्यांनी फिरत्या बैठकीवर बसविली आणि मोजणी चालू असताना ती वेळोवेळी १८० अंशांनी उलटी फिरविली. जे पहिले होते ते दुसरे झाले, दुसरे ते पहिले. यंत्राची चूक एकदा आकडा वाढविते, एकदा तितकाच घटविते; दोहोंची सरासरी घेतली की ती चूक निघून जाते. आपले यंत्र निर्दोष आहे असे म्हणण्याऐवजी, ते सदोष आहे असे गृहीत धरून दोषालाच दोषाविरुद्ध उभे केले. शिवाय वेगाचा हिशेब. आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताप्रमाणे धावत्या अणूचे घड्याळ मंद चालते. या वेगाला ती मंदता सुमारे ५३ किलोहर्ट्झ इतकी भरते. ज्या बारा किलोहर्ट्झसाठी तंटा, त्याच्या चौपटीहून अधिक! तेव्हा झोताचा वेगही तितक्याच काळजीने मोजणे प्राप्त होते. क्षेत्रांची ताकद, क्षेत्रांतील अंतर, झोताचा वेग, हे सर्व बदलून बदलून पुनःपुन्हा मोजणी झाली, आणि प्रत्येक बदलानंतर अंतिम उत्तर तेच येते की नाही हे पाहिले गेले.

सप्टेंबर २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला. निवडलेल्या संक्रमणाची कंपनसंख्या ९०९.८७१७ मेगाहर्ट्झ, अनिश्चितता ३.२ किलोहर्ट्झ. रेषेच्या नैसर्गिक रुंदीचा हा तीस हजारावा भाग. त्यावरून प्रोटॉनची त्रिज्या निघाली ०.८३३ फेमटोमीटर, दहा सहस्रांश इकडेतिकडे. म्हणजे म्यूऑनने सांगितले तेच साध्या इलेक्ट्रॉननेही सांगितले. नवे बल नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेतील जेफर्सन प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनांच्या विकिरणावरून, अगदी निराळ्या वाटेने, ०.८३१ हे उत्तर आले. मूलभूत स्थिरांकांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या २०१८ च्या आवृत्तीत त्रिज्या ०.८४१४ अशी नोंदली गेली. तिच्याबरोबर रिडबर्ग स्थिरांकही, जो विज्ञानातील सर्वांत अचूक आकड्यांपैकी एक, किंचित हलवावा लागला.

एका श्रोत्याने काल मला विचारले, की आठ वर्षे राबून शेवटी 'नवे काही नाही' हेच कळले ना? त्यांना मी तेव्हा उत्तर दिले नाही, आता देतो. होय, हेच कळले. नव्या बलाची आशा बाळगणारे त्या गटाबाहेर पुष्कळ होते, कदाचित गटातही असतील. आकडा आशेच्या बाजूने आला नाही आणि त्यांनी तो जसाच्या तसा छापला. निघाले ते इतकेच, की आपण सर्वांनी प्रोटॉन वास्तवाहून थोडा मोठा समजला होता.

प्रकरण पुरते मिटले असे मात्र मी म्हणणार नाही. पॅरिसमधील एका गटाने २०१८ साली साध्या हायड्रोजनच्या दुसऱ्या संक्रमणावरून ०.८७७, म्हणजे जुनाच आकडा मिळविला होता. त्याच संक्रमणाचे मापन जर्मनीतील गार्खिंग येथे वेगळ्या पद्धतीने होऊन २०२० साली ०.८४८२ आले. आणि २०२२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो येथील एका मापनाने ०.८५८४ सांगितले, हा आकडा दोहोंच्या अधेमधे बसला आहे. पॅरिसच्या प्रयोगात नेमके काय वेगळे घडले, हे अजून कोणी बोट ठेवून दाखविलेले नाही. ती मंडळी बेफिकीर नव्हेत, त्यांची काळजी इतरांइतकीच आहे.

वेळ बरीच झाली आहे आणि पाद्यपूजेची तयारी झाल्याचे मला दिसते आहे.